कुलपाचा रंग

नकाशा रंगवायला बसलो की मला जेवणाची शुद्ध राहायची नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात आरोग्याच्या आकडेवारीचं काम मी बरीच वर्षं केलं. तालुक्यांकडून तक्ते यायचे, गावांचे सांकेतांक जुळवायचे, शेपफाइलला, म्हणजे संगणकातल्या हद्दींच्या नकाशाला, जोडायचे आणि बटण दाबायचं. अख्खा जिल्हा लाल, पिवळा, हिरवा होऊन समोर. बैठकीत तो पडद्यावर लागला की बोलके अधिकारीही गप्प व्हायचे. त्या शांततेची मला चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

माझी श्रद्धा साधी होती. जिल्ह्याची सरासरी फसवते, तालुक्याची जरा कमी फसवते, गावापर्यंत उतरलं की खरं काय ते दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2015-16 च्या फेरीपासून जिल्हावार आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक. मी मात्र म्हणायचो, जिल्हा म्हणजे लाखो माणसांची खिचडी, तिच्यातला डाळीचा दाणा कसा सापडायचा? मला गाव हवं होतं. 2011 च्या जनगणनेतले नळ, संडास, साक्षरता खाली पसरायची, वर अंगणवाडीतली वजनं आणि उपकेंद्राच्या नोंदी ठेवायच्या. मग गावाने काही लपवायचं ठरवलं तरी लपणार नाही, असं मला वाटे.

पहिला तडा गेला तो मी बुजवून टाकला. एकदा नवजात बालकांचे मृत्यू गाववार मांडले, तर सगळ्यात गडद लाल निघालं तालुक्याचं गाव. जिथे मोठा सरकारी दवाखाना, जिथे बालरोगतज्ज्ञ, तिथेच सर्वांत जास्त मृत्यू! आणि डोंगरातली रस्ता नसलेली गावं हिरवीगार. कारण सोपं होतं. 1969 च्या कायद्यानुसार जन्म असो की मृत्यू, तो जिथे घडला तिथे नोंदवला जातो. अत्यवस्थ बाळ डोंगरातून तालुक्याला आणलं आणि तिथे गेलं, की ते तालुक्याच्या खात्यावर. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जन्म एका गावाच्या दप्तरात, बाळ वाढणार दुसऱ्या. मी आईच्या कायमच्या पत्त्याचा रकाना वापरून नकाशा सुधारला आणि स्वतःवर खूश झालो. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. वर्षाला वीस जन्म होणाऱ्या गावात एक मूल दगावलं तर दर होतो हजारी 50, पुढच्या वर्षी शून्य. गाव लालचं हिरवं होतं आणि कुणी काहीच केलेलं नसतं. तीन वर्षांची बेरीज घेऊन तेही मी भागवलं. प्रत्येक अडचणीला माझ्याकडे सूत्र होतं.

एका डिसेंबरात एका गावी गेलो. तिथे एक संस्था आशाताईंकडून गावाचा नकाशा काढून घेत होती. देवळासमोर सारवलेल्या जागेवर रांगोळीने रस्ते आखले. घर म्हणजे चौकोन, गरोदर बाई म्हणजे ज्वारीचा दाणा, सहा वर्षांखालचं मूल म्हणजे चिंचोका. घराला कुलूप असेल तर चौकोनावर पऱ्हाटीची आडवी काडी. देऊळ शाळेच्या तिप्पट मोठं, उत्तर दिशेचा पत्ता नाही, मोजपट्टीचं तर नावच नको. मध्येच एक कोंबडी आली आणि बघता बघता दोन-तीन गरोदर बाया टिपून गेली. आम्ही सगळे हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं. शिष्टाचार म्हणून मोबाइलवर फोटो काढला आणि निघालो.

जानेवारीत कुपोषणाचा नकाशा केला. ते गाव हिरवं, शेजारची दोन हिरवी. कुपोषित मुलांसाठीची ग्राम बालविकास केंद्रं कुठे सुरू करायची याची यादी त्याच नकाशावरून झाली, ती मीच केली, आणि ही तीन गावं तिच्यात नव्हती. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की इथे गरज नाही.

पाडव्यानंतर कसल्याशा पडताळणीसाठी पुन्हा त्याच गावात गेलो. अंगणवाडीत गर्दी होती. सेविकाताई एका पोराच्या दंडाला टेप गुंडाळत होत्या. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या आत आला की टेपच्या खिडकीत लाल रंग दिसतो. त्या पोराचा लाल आला. पुढच्या मुलीचाही लाल. टेप ओढताना तिच्या दंडाची कातडी सैल हलत होती, आणि ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

मी म्हणालो, "ताई, जानेवारीत तर या गावात एकही नव्हतं."

"सर, तवा लेकरं होती कुठं?" त्या टेपवरून नजर न काढता म्हणाल्या. "आईबापासंगं कारखान्याला गेलती की."

कुपोषणाची टक्केवारी वजन घेतलेल्या मुलांतून निघते. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यासोबत लहान लेकरं जाणारच. गावात उरतात ती ज्यांच्या घरात जमीन आहे, निदान सांभाळायला आजी आहे, त्यांची मुलं. म्हणजे सर्वांत गरीब मुलं हिशेबातूनच बाहेर पडतात आणि गाव सुधारल्यासारखं दिसतं. माझा हिरवा रंग तब्येतीचा नव्हता, निघून गेलेल्या लेकरांचा होता.

रात्री मोबाइलमधला डिसेंबरचा फोटो उघडला. गावाच्या पूर्वेची वस्ती, तिथले चौकोन, आणि निम्म्याहून जास्त चौकोनांवर पऱ्हाटीच्या काड्या. यादी करताना हे सगळं माझ्या खिशात होतं. आमच्या तक्त्यात कुलपाला रकाना नव्हता, आणि जिला उत्तर दिशा दाखवता येत नाही तिच्याकडून काही शिकावं असं मला वाटलंही नव्हतं.

प्रशिक्षणात मी नेहमी डॉ. जॉन स्नोची गोष्ट सांगायचो. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा, त्याने मृत्यू नकाशावर मांडले, आणि पाण्याचा पंप सापडला. मी सांगायचो ती गोष्ट उलटी होती. पंपाचा दांडा सप्टेंबरात काढला, तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतर छापला गेला. त्याआधी स्नो घरोघर हिंडला होता. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार का वाचले, हे भट्टीच्या मालकाला विचारल्यावर कळलं: ते बिअर प्यायचे, शिवाय भट्टीला स्वतःची विहीर होती. दूर हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं म्हणून ते मुद्दाम तिकडे नेलं जाई, हे तिच्या मुलाकडून कळलं. नकाशावर हे ठिपके नुसते चुकल्यासारखे दिसले असते.

मी नकाशे सोडले नाहीत. सगळं गाववाल्यांच्या हाती द्या आणि संगणक बंद करा, असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. रांगोळीवरून औषधांची मागणी नोंदवता येत नाही. फक्त ज्या गावातल्या बऱ्याच मुलांची वजनंच झालेली नाहीत ते गाव मी आता रंगवत नाही, राखाडी रेघा मारून ठेवतो. बैठकीत त्यावर दरवेळी वाद होतो. "नकाशा अपुरा दिसतो," साहेब म्हणतात. अपुराच आहे, मी म्हणतो. आताशा आधी हिरवी गावं बघायला जातो, लाल नंतर.

राखाडी रेघांखालची लेकरं असतात कुठे, हे शोधायला मागच्या हंगामात साखर कारखाना असलेल्या एका तालुक्यात माझंच काम करणाऱ्याला फोन लावला. म्हटलं, आमच्या गावची मुलं तुमच्याकडे आहेत, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत.

"असतील ना," तो म्हणाला. माणूस चांगला होता. "गावाचा सांकेतांक सांगा, लगेच भरून टाकतो."

मी फोन कानाला धरून पडद्यावर त्याचा तालुका उघडला आणि कितीतरी वेळ तो फड शोधत बसलो.