वैशाखातील परसबाग

वैशाख सरत आला की सांगलीच्या वखारभागातील आमच्या परसदारी फुलांचा हंगाम भरास येतो. माणसे उन्हाने त्रासतात, मोगऱ्याला मात्र तेच ऊन मानवते. पौषात पाणी तोडून छाटणी केलेली असली, की नव्या फुटीवर कळ्या दाटतात.

खरे नवल मे फ्लॉवरचे! मूळचा आफ्रिकेतील हा कंद हिवाळाभर मातीत निजलेला असतो. वळवाची सर पडली की दांडा वर येतो आणि त्यावर असंख्य इवल्या फुलांचा तांबडा चेंडू उमलतो. मृगाच्या तोंडावर अनंत फुलेल. पांढराशुभ्र, आणि उतरता उतरता पिवळसर. कुंपणाशी सोनचाफा आहेच.

यंदा हे सारे अंमळ अधिक निरखून पाहतो आहे. चिरंजीवांस हळदीसाठी गोदाम अपुरे पडते; ते परसदारी बांधावे असे घरात चालले आहे. बँकेत तारणाच्या जागांचे मूल्यांकन तपासण्यात माझी हयात गेली. भाड्याचा हिशेब मलाही समजतो आणि तो मुलाच्याच बाजूने आहे.

मी मुदत तेवढी मागितली आहे, दिवाळीपर्यंतची. पावसाळ्यात मोगऱ्याची दाब कलमे होतील, अनंतावर गुटी बांधता येईल. पाने पिवळी पडली की कंद काढून ठेवू. गच्चीवर तीसेक कुंड्या सहज मावतात.

सोनचाफा तेवढा हलणार नाही. त्याविषयी अद्याप दोघांपैकी कोणी बोललेले नाही.