माहिती पुरेशी आहे का?

गेले तीन महिने आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की टेबलावर जीमॅटची पुस्तकं पसरतात. परीक्षा मुलांची नव्हे, सौ.ची! लग्नाआधी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली ही, माझ्यामागून डिपेंडंट व्हिसावर इथे आली आणि मुलांचे डबे, क्लासेस यांत सोळा वर्षं गेली. आता एम.बी.ए. करायचं म्हणते. मी तोंडाने "कर की" म्हणालो, पण मनात शंका होतीच.

या परीक्षेत 'डेटा सफिशियन्सी' नावाचा एक चमत्कारिक प्रकार असतो. (२०२३ पासून तो 'डेटा इनसाइट्स' या भागात घातलाय, ४५ मिनिटांत २० प्रश्न.) प्रश्नाखाली दोन विधानं. उत्तर काढून दाखवायचं नाहीच. ते काढायला एखादं विधान एकटं पुरतं, दोन्ही मिळून लागतात, की तरीही माहिती अपुरी, एवढंच सांगायचं. आम्हा इंजिनिअर मंडळींना उत्तर काढल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे मला हा प्रकार जरा आळशीपणाचाच वाटायचा.

परवा तिने विचारलं, "अहो, हे बघा. काही क्रमागत पूर्णांकांची बेरीज १५ आहे. त्यांतला सर्वांत लहान कोणता? पहिलं विधान: ते विषम संख्येने आहेत. दुसरं: ते पाचाहून जास्त आहेत."

मी ऐटीत कागद ओढला. ७ आणि ८; ४, ५, ६; १ ते ५. "पाचाहून जास्त कसे असतील? १ ते ५ मध्येच १५ संपले. प्रश्नच चुकलाय!"

"सगळे धनच हवेत असं कुठे म्हटलंय?"

मी गप्प. तिने पेन्सिल घेतली. "किती पूर्णांक आहेत तो आकडा, गुणिले पहिल्या-शेवटच्याची बेरीज, म्हणजे एकूण बेरजेची दुप्पट, ३०. म्हणून त्या आकड्याने ३० ला भाग जायला हवा. पाचाहून मोठे असे चारच: ६, १०, १५, ३०. चारही जमतात. विषम त्यांत फक्त १५." मग लिहिलं: उणे ६ ते ८. उणे ६ ते ६ एकमेकांना खाऊन टाकतात, उरतात ७ आणि ८. "एकेकटं विधान अपुरं, दोन्ही मिळून पुरेशी."

"हे कधी शिकलीस?"

"येतच होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

परीक्षा येत्या शनिवारी आहे. आठवडाभर डबे माझ्याकडे. पोळ्या मात्र इंडियन स्टोअरमधल्या फ्रोझन आणल्यात.