पैठणहून सोपाऱ्यास

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईच्या बाजूस जावयाचे, तर रात्री आगगाडीत बसावे आणि पहाटे डोळे उघडावे ते कल्याणच्या आसपास, असा आजचा प्रघात आहे. मधला घाट केव्हा उतरला, हे निजलेल्या माणसास कळतही नाही. या शहरातील एका निवृत्त शिक्षकांच्या नातीला वसईच्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली, तेव्हा घरच्यांनी तिच्यासाठी अशाच गाडीचे तिकीट काढावयाचे ठरविले होते. आजोबांनी मात्र निराळा बेत मांडला. नोकरीवर रुजू होण्यास पंधरा दिवसांचा अवकाश होता. "रात्रीच्या गाडीने गेलीस, तर घर किती लांब आहे हे तुला कधीच कळायचे नाही," ते म्हणाले. "आपण जुन्या वाटेने जाऊ. दोन हजार वर्षांमागे पैठणचे व्यापारी ज्या वाटेने समुद्रावर जात, त्या वाटेने."

मुलीच्या आईला हा विचार मुळीच रुचला नाही. सासऱ्यांचे वय बहात्तर, गुडघे दुखरे. आणि पोर घर सोडून प्रथमच परगावी निघालेली. पण आजोबांची बाजूही काही वावगी नव्हती. तीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकविला होता. सातवाहनांच्या काळी परदेशांशी चालणारा व्यापार भरभराटीस आला होता, हे वाक्य दर वर्षी त्यांनी फळ्यावर लिहिले होते. तो व्यापार ज्या वाटेने चाले, तो नाणेघाट मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटी कार्तिकातील एका सकाळी आजोबा आणि नात एस.टी.त बसली.

पहिला दिवस उलट दिशेला गेला. कन्नडजवळच्या डोंगरांत पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने तेथे वर्दळ थोडी. कातळही बराच ढासळलेला आहे. तेथील एका खांबावर लेख आहे की, हा खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या, कुलाने दिला. त्या काळी राजे किती झाले आणि त्यांनी कोणत्या लढाया मारल्या, याविषयी विद्वानांत आजही वाद चालतात. पण अत्तरे विकून चार पैसे जोडणाऱ्या या माणसाचे नाव, गाव आणि धंदा आपणांस बिनचूक ठाऊक आहे. आजोबा त्या लेण्यात बराच वेळ उभे राहिले. असे लोक आपल्याला वाटेत आणखी भेटतील, एवढेच ते नातीला म्हणाले.

पैठणात तीन दिवस मुक्काम झाला. गोदावरीचे पात्र, नाथांची समाधी, आणि 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर ही सर्व ठिकाणे पाहून झाली. परंतु नात रमली ती मागावर. रेशमाच्या उभ्या धाग्यांतून जरीचा आडवा धागा बोटांनी ओवीत विणणारी बाई काठांची नावे सांगत होती. त्यांत एक नाव आले, नारळी. मुलीने बाहेर पाहिले. गोदाकाठी बाभळी होत्या, लिंब होते, उसाचे फड होते. नारळीच्या बागा कोठे दिसत नव्हत्या. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर, आणि काठावर मात्र नारळ! तो नारळ पैठणात नेमका केव्हा आला हे कोणी सांगावे? पण ज्या गावाची माणसे पिढ्यानपिढ्या समुद्राकडे जात-येत होती, त्या गावाच्या मागावर तो दिसावा, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

या जाण्यायेण्याचा एक साक्षीदार परका आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषा जाणणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. त्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. भडोचहून दक्षिणेस पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथून पूर्वेस तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांवर आहे, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येतात. तेरहून कापड येते. इटलीतील पॉम्पेई हे नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. त्या राखेतून पुढे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. आणि तिच्याच घडणीच्या मूर्ती तेरला व जालना जिल्ह्यातील भोकरदनला सापडल्या आहेत. मराठवाड्यातील माणूस आपला मुलूख समुद्रापासून दूर, कोरडा आणि एका कडेला पडलेला समजतो. एके काळी तो तसा नव्हता.

पैठणच्या खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पानात आला. आजोबांनी नातीला विचारले, "पैठणचा व्यापारी वाटेसाठी शिदोरी बांधी, तेव्हा तिच्यात यातले काय नसेल?" मुलगी विचारात पडली. उत्तर होते मिरची. ती मुळात मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि काळ्या मिरीची जागा तिने बळकाविली. नावही तिने मिरीचेच उचलले. मकाही तिकडचाच, पेरूही अमेरिकेतलाच. इतकेच काय, दौलताबादच्या डोंगरांतील ज्या सिताफळांची टोपली आईने सोबत दिली होती, ते फळही त्याच परक्या खंडातले. मराठवाड्याने त्याला असे आपलेसे केले आहे की, ते बाहेरचे असे सांगितल्यास भांडण व्हावयाचे! समुद्राने ज्या वस्तू आणल्या, त्या याच घाटवाटांनी वर चढल्या असतील, असे आजोबांचे मत होते.

अहिल्यानगर मागे टाकून दोघे जुन्नरास पोचली, तेव्हा भाकरी बदलली होती. ज्वारी मागे पडली आणि बाजरी आली. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, ज्या डोंगराकडे मान वळवावी त्याच्या कातळात दारे दिसतात. शिवनेरी म्हटले की मराठी माणसाचे मन 1630 सालाकडे धावते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिवजन्माच्या कितीतरी शतके आधी या गावी देशोदेशीचे व्यापारी उतरत होते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, येथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप कोरून दिला. यवन म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडील परदेशी मनुष्य. परक्या मुलखात येऊन त्याने काय दिले, तर पाणी आणि जेवावयास बसण्याची जागा! वाटसरूला नेमके जे हवे असते तेच. जो स्वतः तहानेने आणि भुकेने वाट चालला असेल, त्यालाच हे सुचावयाचे.

जुन्नरात ज्या घरी मुक्काम होता, त्या घरच्या काकूंनी एके रात्री मासवडी केली. हे नाव ऐकताच माळकरी आजोबांचा हात पानावर थबकला. काकू हसून म्हणाल्या, "बाबा, निर्धास्त खा. मासा फक्त नावात आहे." डाळीच्या पिठाचे शिजविलेले पिठले ओल्या फडक्यावर थापावयाचे, त्यावर तीळ, खोबरे, लसूण व कोथिंबीर यांचे सारण पसरावयाचे, आणि गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यावयाचा, मग तिच्या वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर खावयाच्या. पैठणात काठावर नारळ उमटला होता. येथे पानात मासा आला. समुद्र अद्याप घाटाखाली दूर होता.

नाणेघाटाच्या माथ्यावर दोघे भल्या सकाळी पोचली. एका बाजूस नानाचा अंगठा हा सुळका, मागे जीवधनचा किल्ला, आणि पुढे एकाएकी जमीन संपलेली. खाली धुक्यात कोकण पसरले होते. घाटाच्या तोंडाशीच ती प्रसिद्ध गुहा आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा लेख तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून हजारो गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणे किती दिली, यांचा तो हिशेबच आहे. आणि हिशेब असल्यामुळे त्यात आकडे आहेत. भारतात अंक कसे लिहीत, याचे अतिशय जुने पुरावे ज्या थोड्या ठिकाणी सापडतात, त्यांपैकी हे एक. समोरच्या भिंतीशी एके काळी राजकुलातील माणसांच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या. वर कोरलेली नावे तेवढी राहिली. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

आजोबांनी फळ्यावरच्या वाक्याचा उच्चार केला नाही. त्यांनी टाक्यातले गार पाणी तोंडावर मारले आणि काठी उचलली.

उतरण दगडी पायऱ्यांची आहे, आणि धडधाकट माणूस ती दोनअडीच तासांत उतरतो. त्यांना पाच तास लागले. पहिल्या टप्प्यानंतर आजोबांचा उजवा गुडघा भरून आला. नातीने आपली ओढणी काढून तो घट्ट आवळला, नाडी पाहिली, घोटघोट पाणी पाजले, आणि दर शंभर पायऱ्यांनी बसावयाचे असा नियम घालून दिला. आजवर आजोबा सांगत आणि ती ऐके. येथे गोष्ट उलटी झाली. "आजोबा, बसा," असे ती म्हणे आणि ते मुकाट्याने बसत. एकदा असे बसले असता ते म्हणाले, "तुझी आई उगाच भीत होती. तू एकटी राहशील." मुलगी काही बोलली नाही. तिचे डोळे भरून आले होते. पण दृष्टी पुढच्या पायरीवर होती.

पायथ्याच्या वैशाखऱ्यात भाताची कापणी उरकली होती आणि हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. येथे पानात भात होता, नाचणीची भाकरी होती. एका दिवसात हवा बदलली, माती बदलली, बोलण्याचा हेल बदलला.

कल्याणात आता एवढी गर्दी आहे की जुने बंदर मनाने उभे करणेही कठीण. येथे दोन दिवस गुडघ्याला विश्रांती देण्यात गेले. 'पेरिप्लस'कार या बंदराविषयी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो: पूर्वी येथे व्यापार रीतसर चाले, परंतु सत्तांतर झाल्यावर येथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. राजांची भांडणे आणि व्यापाऱ्यांची अडवणूक ही गोष्ट काही आजची नव्हे! त्याच कल्याणचा नंद नावाचा एक लोहार कान्हेरीच्या लेण्यांत आपले नाव ठेवून गेला आहे. त्याने दान काय दिले? एक वाट.

नालासोपाऱ्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्या हजारो माणसांत जुन्या शूर्पारकाची चौकशी करणारे विरळाच. येथील बुरूड राजाचा कोट नावाची टेकडी 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली, तेव्हा ती टेकडी नसून स्तूप आहे असे दिसून आले. आतून बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राची खापरे निघाली. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथे मिळाला. नववा लेख 1956 साली जवळच्या भुईगावात सापडला. आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी विहारयात्रा करीत; आपण मात्र धर्मयात्रेला निघालो, असे अशोक सांगतो. त्या यात्रेत वृद्धांना भेटावयाचे, त्यांना द्रव्य द्यावयाचे आणि खेड्यापाड्यांतील लोकांना पाहावयाचे. हजारो कोसांवरून गलबते ज्या बंदरावर लागत, तेथे हा लेख लावला होता. तो दगड आता सोपाऱ्यात नाही. मुंबईस नेलेला आहे. ज्या खाडीतून जहाजे आत येत, ती गाळाने भरली आणि समुद्र या गावापासून दुरावला.

म्हणून समुद्र पाहण्यास आणखी पुढे जावे लागले. वसईच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उभारणीवर बोंबील जोडीजोडीने वाळत टाकले होते. त्यांच्या उग्र वासाने आजोबांनी नाकाला रुमाल लावला. मुलगी मात्र वाळूत पुढे गेली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिला कामावर हजर व्हावयाचे होते. परतताना एका कोळणीपाशी ती वाकून सुका जवळा पाहू लागली. तिच्या बोलण्यावरून कोळणीने ताडले आणि विचारले, "कुठली गो तू?"

"पैठणकडची."

"किती लांब असेल?"

मुलीने क्षणभर आजोबांकडे पाहिले. "चौदा दिवस," ती म्हणाली.

कोळीण हसली आणि तिने मापावर मूठभर जवळा अधिक टाकला.