पाटाचें पाणी

लहान मुलांची करमणूक आपणच ठरवून द्यावी लागते, असा वडील माणसांचा एक गोड समज असतो. दीड वर्षाच्या नातीला घेऊन आम्ही बारामतीकडच्या एका शेतावर गेलों, तेव्हां चिरंजीवांनीं बैलगाडी, हुरडा, झोपाळा असा बेत आंखून ठेवला होता. त्याच तालुक्यांत, पळशीवाडीला, २००५ सालीं कृषिपर्यटनाचा प्रयोग झाला. २०२० सालीं सरकारनें त्याचें धोरणहि ठरविलें. बाईसाहेबांना धोरणाशीं काय कर्तव्य! बैल पाहून त्यांनीं भोकाड पसरलें, आणि उसाच्या पाटाशीं ज्या बसल्या त्या तासभर हलल्या नाहींत. वाळकें पान सोडायचें, तें वाहून गेलें कीं टाळ्या पिटायच्या.

मालक हंसून म्हणाले, "सर, या आठवड्यांत वीज दिवसा आहे, म्हणून हें दिसतंय. पुढच्या आठवड्यांत रात्रीं. तेव्हां शेतांत दोघेच, मी अन् विंचू." उसापेक्षां पाहुणे बरे पिकतात, असेंहि ते बोलून गेले.

माझे आजोबा असेच रात्रीं दारें धरीत. तें शेत विकून त्यांनीं वडिलांना शिकविलें. माझें इंग्रजी त्याच पैशांतलें. निघतांना सून नातीच्या मुठींतला चिखल धुऊं लागली. मी उगाच म्हणालों, "राहूं दे."