नऊ तासांचे अंतर

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला ते कापण्यास साधारणपणे नऊ ते दहा तास लागतात. ज्यांची मुले तिकडे नोकरीस आहेत, अशा आमच्या धर्मग्रामातील आईबापांना हा आकडा तोंडपाठ असतो. “फादर, नऊ तासांचा तर प्रश्न!” असे ते आम्हाला सांगतात आणि सांगता सांगता स्वतःचीच समजूत घालतात.

इतिहासाकडे पाहिले, तर हे समाधान रास्तच वाटते. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लिस्बन सोडले व आफ्रिकेला वळसा घालून ते ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढच्याच महिन्यात त्यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना त्या प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र धाडले. मायदेशी मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत; १६१९ मध्ये गोव्यातच त्यांनी देह ठेवला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा चुकला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. महिन्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले.

हे तासही सारखे नसतात. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनहून येताना ते विमानाच्या पाठीशी असतात, जाताना तोंडावर येतात. म्हणून येणे लवकर होते, जाणे लांबते. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश बंद झाले, तेव्हा विमानांना वाट वाकडी करावी लागली.

आम्हा धर्मगुरूंना हा हिशेब मर्तिकाच्या वेळी करावा लागतो. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे चार वाजतात, तेव्हा लंडनमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मुलाला सकाळी दहाचे विमान मिळाले, तरी नऊ तासांनी तो मुंबईत उतरतो तेव्हा येथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. निरोप पोहोचल्यापासून वीस तास जातात. तोवर शव शवागारात ठेवावे लागते आणि दफनविधी दुसऱ्या दिवसावर जातो.

अलीकडेच एका घरी असेच घडले. मुलगा वेळेत पोहोचला. दफन आटोपल्यावर तो आम्हाला म्हणाला, “फादर, बाबा तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. मला कोणी एका शब्दाने कळवले नाही.” आई शेजारीच होती. “त्याच्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून नाही सांगितले,” ती म्हणाली. दोघांच्याही बोलण्यात मायाच होती. परंतु नऊ तासांच्या वाटेवर तीन आठवड्यांचे मौन आडवे आले होते, आणि ते कोणत्याही विमानाला ओलांडता आले नसते.

म्हणून वाचकहो, आमची एवढीच विनवणी आहे. वडीलधाऱ्यांनी आपले दुखणे मुलांपासून लपवू नये. मुलांनीही “सर्व ठीक आहे” या उत्तरावर थांबू नये. दोन प्रश्न अधिक विचारावेत. पत्र पोहोचण्यास कित्येक महिने लागत, त्या काळी स्टीफन्स यांनी वडिलांना कळविण्यास विलंब केला नाही. आपल्या हाती तर क्षणात लागणारा फोन आहे.