खाली एक जण

गोराईच्या एस्सेलवर्ल्डला आम्ही एकदाच गेलो, बोरिवलीहून बोटीने. बाबांनी तिघांची पुरी तिकिटं काढली आणि स्वतः मात्र आमच्या चपला सांभाळत बाकावर बसून राहिले. घाबरट, असं मी ताईच्या कानात म्हटलंही.

रोलर कोस्टरच्या गाडीला बहुधा इंजिन नसतंच. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. पुढे सगळा उताराचा वेग. चढताना होणारी ती खटखट असते गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्टीची. तेव्हा मला तीच धडकी भरवायची!

१९८९चं ते उद्यान २०२२मध्ये बंद झालं. बातमी वाचून दाखवताना बाबांना विचारलं, का नाही बसलात?

“तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर आईला सांगायला एक जण खाली नको?”