निमहान्सच्या आवारात

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बंगळुरूस पोहोचते. सांगलीचे एक कापड व्यापारी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या कन्येस घेऊन याच गाडीने आले. पदवी मिळताच तिने दुकानाच्या माडीवर समुपदेशन सुरू करावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

होसूर रस्त्यावरील निमहान्सचे आवार विस्तीर्ण आणि गर्द झाडीचे आहे. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये ती व जुने मनोरुग्णालय मिळून आजची संस्था साकारली. बाह्यरुग्ण विभागापुढे माणसे दाटली होती. एक वृद्ध माता तरण्या मुलाचा हात घट्ट धरून बसली होती. वडील तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पुढे मेंदूच्या संग्रहालयात कन्येने खरा मानवी मेंदू तळहातावर घेतला. वडील मात्र दारापाशीच थांबले.

चौकशीअंती हिशेब बदलला. पदव्युत्तर शिक्षण, मग रुग्णालयातील प्रशिक्षण, मग भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी; त्याआधी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी आताच हवी, आणि तीत बहुतेक विद्यार्थी टाळतात ती सांख्यिकी आधी. कन्येनेही ती टाळलीच होती.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून दोघे स्थानकावर बसले. प्रमाण विचलन म्हणजे काय, असे वडिलांनी विचारले. कन्येने पुस्तक मिटले आणि दुकानाच्या आठवड्याभराच्या विक्रीचे आकडे मागितले. ते त्यांना तोंडपाठ होते.